फॅन कंट्रोल सॉफ्टवेअर: आमच्या खोलीतली गिरणी बंद करणाऱ्याचा रिव्ह्यू

"मॅडम, तुमच्या मागे गिरणी चालू आहे का?" बायकोच्या ऑनलाइन क्लासमधल्या आठवीतल्या एका पोराने असं विचारलं आणि बाकीची पोरं फिदीफिदी हसली, त्या दिवशी मी ठरवलं की आता या पीसीचं काहीतरी करायचंच. ती संस्कृतचे क्लास घेते, मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, आणि नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या टू बीएचकेमध्ये दोघांचं ऑफिस एकाच खोलीत. माझा डेस्कटॉप टेबलाखाली, तिचा लॅपटॉप टेबलावर, म्हणजे माइकला तिच्या सुभाषितांच्या आधी माझे पंखे ऐकू जाणार.

हा रिव्ह्यू तसा एका फुकट सॉफ्टवेअरचा आहे, फॅन कंट्रोल नाव त्याचं, पीसीच्या पंख्यांचा वेग ठरवतं, विंडोजवर चालतं. पण त्याच्यापर्यंत पोचायला मी दोन दुकानं, बाराशे रुपये आणि अख्खा उन्हाळा घालवला त्यामुळे ते सगळं मध्ये येणारच. घाईत असाल तर एवढंच वाचा: सॉफ्टवेअर झकास आहे, साडेचार स्टार, पण ते टाकायच्या आधी बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणारं बोर्डाचं स्वतःचं सेटिंग) एक गोष्ट बघा, कदाचित तेवढ्यानेच काम होईल.

पीसी २०१९ चा असेंबल केलेला आहे, बी-४५० चिपसेटचा बोर्ड, आणि आत चार हार्डडिस्क. चार कशाला असं सगळेच विचारतात. लग्नवाले तीन-तीन वर्षांनी फोन करतात हो, "दादा, आमच्या हळदीचं सगळं फुटेज आहे ना तुमच्याकडे?" आता नाही म्हणायची सोय नाही कारण त्यांच्या धाकट्या भावाचं लग्न पण आपल्यालाच हवं असतं. एवढा डेटा एसएसडीवर ठेवायचा म्हणजे एक लग्न फुकट केल्यासारखं आहे, म्हणून साध्या साडेतीन इंची फिरत्या हार्डडिस्क. त्या कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला एका पिंजऱ्यात एकावर एक बसतात आणि त्यांच्यासमोर १२० मिलिमीटरचे दोन पंखे बाहेरची हवा त्यांच्यावर मारतात. हेच ते दोन पंखे.

फेब्रुवारीपर्यंत सगळं शांत होतं. मग चौथी हार्डडिस्क बसवायला पीसी दुकानात नेला (नाव घेत नाही, एम.जी. रोडला अशी पन्नास दुकानं आहेत) आणि तिथल्या पोराने जाता जाता एक उपकार केला. आधी हे पंखे कॅबिनेटच्या स्वतःच्या हाय-लो बटणावर होते आणि मी ते कायम लो वर ठेवायचो. त्याने ती वायर काढली आणि पंखे सरळ मदरबोर्डला जोडले. "सर, आता डायरेक्ट बोर्डवर दिलंय, कूलिंग एक नंबर राहील." कूलिंग खरंच एक नंबर राहिलं, खोटं कशाला बोला. पण घरी आणून चालू केला तर बटण दाबल्यापासून बंद करेपर्यंत एकच सूर, घूंऽऽऽ, काम असो नसो. मला वाटलं नवीन डिस्कचा आवाज असेल, होईल कमी. सासूबाई आल्या होत्या त्या म्हणाल्या मिक्सर चालू राहिलाय का बघा.

परत त्याच दुकानात गेलो. एम.जी. रोडला संध्याकाळी गाडी लावायला जागा शोधणं आणि मग दहा किलोचं कॅबिनेट कडेवर मूल घेतल्यासारखं घेऊन दोन चौक चालणं, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. मालकाने कान लावून ऐकलं आणि दोन सेकंदात निदान, "बेअरिंग गेलंय, दोन्ही बदलू." दोन नवीन पंखे नऊशे, मजुरी तीनशे. घरी आलो, चालू केला, घूंऽऽऽ. तोच सूर. फरक एवढाच की नवीन पंख्यांना निळे लाईट होते.

दुसऱ्या दुकानात, हे शरणपूर रोडच्या बाजूला, मला पॉवर सप्लाय बदलायला सांगितला. का तर "सप्लायचा पण फॅन असतो ना सर." असतो, मान्य, पण तो मागे असतो आणि आवाज पुढून येत होता. इथे मात्र मी पैसे दिले नाहीत, पीसी उचलला आणि बाहेर पडून आधी मिसळ खाल्ली. पोट भरल्यावर डोकं चालतं.

घरी येऊन आधी आवाज नक्की कुठून येतो ते शोधलं. त्याला काही लागत नाही, वर्तमानपत्राची सुरळी करायची, एक टोक कानाला आणि दुसरं टोक कॅबिनेटच्या वेगवेगळ्या जागी धरायचं, डॉक्टर छातीला लावतात तसं. सुरळी पंख्याच्या पात्यात घालू नका एवढंच. मागचा पंखा, सीपीयूवरचा, सप्लायचा, सगळे नॉर्मल. पुढे हार्डडिस्कच्या पंख्यांपाशी आलो की धो धो. मग पीसी बंद करून त्या दोघांच्या पिना काढल्या आणि पाच मिनिटांपुरता तसाच चालू केला. शांत. इतका शांत की हार्डडिस्कची बारीक कुरकुर ऐकू आली. (तसाच चालवत ठेवू नका, चार डिस्क एकावर एक असल्या की तापायला वेळ लागत नाही.)

म्हणजे पंखे चांगले होते, नवीन होते, फक्त फुल स्पीडला पळत होते. का पळत होते ते त्या पिना हातात घेतल्यावर कळलं.

आता हे नीट वाचा कारण माझे बाराशे इथेच गेले. पंख्याच्या पिना दोन प्रकारच्या येतात, तीन पिनवाला आणि चार पिनवाला. तीन पिनमध्ये एक ग्राउंड, एक बारा व्होल्ट, आणि एक वायर पंखा किती फिरतोय ते बोर्डला सांगणारी. चार पिनमध्ये एक जास्तीची वायर असते, तिच्यावरून बोर्ड पंख्याला सांगतो की बाबा आता हळू, आता जोरात. याला पीडब्ल्यूएम म्हणतात, त्या वायरवर सेकंदाला पंचवीस हजार वेळा चालू-बंद असा सिग्नल जातो आणि त्यात चालू किती वेळ आणि बंद किती वेळ यावरून पंखा आपला वेग ठरवतो. आता मदरबोर्डवरचं सॉकेट चार पिनचं, माझे पंखे तीन पिनचे. बसतात, अगदी फिट बसतात, म्हणून तर कोणाला शंका येत नाही. पण बोर्ड पीडब्ल्यूएम मोडवर असेल तर तो बारा व्होल्ट सतत सोडून ठेवतो आणि हळू-जोरातचा हुकूम त्या चौथ्या वायरवर देतो, आणि इकडे चौथी वायरच नाही! म्हणजे साहेब केबिनमधून ओरडतायत आणि बाहेरच्या शिपायाला ऐकूच येत नाही, तो आपला पळतोय. नवीन पंखे आणले ते पण तीन पिनचेच, मग काय होणार.

याचा इलाज शून्य रुपये. पीसी चालू करताना डिलीट दाबत राहायचं, बायोस उघडतं, त्यात फॅनचं पान शोधायचं. असूसच्या बोर्डात क्यू-फॅन म्हणतात, गिगाबाइट आणि एमएसआयमध्ये स्मार्ट फॅन असं काहीतरी लिहिलेलं असतं. तिथे प्रत्येक सॉकेटला पीडब्ल्यूएम, डीसी किंवा ऑटो असा मोड असतो. तीन पिनचा पंखा असेल तर डीसी करायचा. डीसी मोडमध्ये बोर्ड व्होल्टेजच कमी-जास्त करतो, मग चौथ्या वायरची गरजच नाही. माझा पंखा १४८० आरपीएमला (म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे) पळत होता, डीसी केल्या केल्या डोळ्यांदेखत आकडा उतरत उतरत साडेआठशेवर आला आणि खोलीत एकदम लाईट गेल्यावर होते तशी शांतता. बायको आतून म्हणाली, "अहो, बंद पडला का?"

पंख्याचं गणित असं आहे की वेग निम्मा केला तर हवा पण साधारण निम्मी होते, पण आवाज मात्र पंधराएक डेसिबलने उतरतो. म्हणजे थोडासा वेग कमी केला तरी कानाला भरपूर फरक पडतो. मी फोनवरच्या अ‍ॅपने खुर्चीत बसून मोजलं, ४७ वरून ३६. फोनचं अ‍ॅप काही लॅबचं यंत्र नाही पण फोन एकाच जागी ठेवून आधी-नंतर मोजलं की फरक कळतो.

आता तुम्ही म्हणाल झालं की मग, सॉफ्टवेअर कशाला. मलाही आठवडाभर असंच वाटलं.

गडबड अशी की बायोस पंख्याचा वेग ठरवतो सीपीयूच्या तापमानावरून. हार्डडिस्क किती तापलीय हे बायोसला सहसा माहीतच नसतं. त्यामुळे मी व्हिडिओ रेंडरला (एडिट झालेली फायनल फाइल बनवायला) लावला की सीपीयू तापायचा आणि पुढचे दोन्ही पंखे बोंबलायचे, तेव्हा हार्डडिस्क बिचाऱ्या निवांत ३६ डिग्रीवर. आणि रात्री याच्या बरोब्बर उलटं. रात्री मी बॅकअप लावून झोपतो, तीन टीबी एका डिस्कवरून दुसरीवर जायला पाच-सहा तास लागतात, त्या वेळी सीपीयूला काही कामच नसतं, म्हणून पंखे पण पेंगत, आणि डिस्क मात्र रात्रभर घाम गाळतायत. मे महिन्यात एका पहाटे उठून बघितलं तर चौथी डिस्क ५३ वर. नाशिक थंड हवेचं म्हणून आजोबांच्या काळात प्रसिद्ध असेल, मे मध्ये दुपारी चाळीस होतात आणि आमची खोली पश्चिमेची, भिंत रात्री बारापर्यंत गरम लागते.

तर फॅन कंट्रोल. सॉफ्टवेअर फुकट आहे, जाहिराती नाहीत, रजिस्ट्रेशन नाही. पहिल्यांदा उघडलं की ते विचारतं सेटअप करून देऊ का, हो म्हणायचं. मग ते एकेक पंखा कमी-जास्त करून बघतं की कोणत्या कंट्रोलला कोणता पंखा हलतो, आणि जोड्या लावतं. त्यानंतर कॅलिब्रेशन, त्यात ते पंख्याला शंभर टक्क्यांपासून शून्यापर्यंत नेतं आणि कुठे बंद पडतो, कुठे परत सुरू होतो ते लिहून ठेवतं. माझा पंखा २५ टक्क्यांच्या खाली थांबतो आणि थांबलेला परत सुरू व्हायला ३५ लागतात. हे दोन आकडे वेगळे असतात हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, पण विचार केला तर सरळ आहे, बंद गाडी ढकलायला जास्त जोर लागतो आणि चालती गाडी एका हाताने जाते. हे कॅलिब्रेशन चालू असताना पंखे मध्येच जोरात मध्येच बंद असं होतं, घाबरू नका, आणि त्या वेळी क्लास चालू नसावा. आमच्याकडे चालू होता. असो.

खरी मजा पुढे आहे. हे सॉफ्टवेअर हार्डडिस्कचं स्वतःचं तापमान वाचू शकतं. प्रत्येक हार्डडिस्कमध्ये एक सेन्सर असतो आणि ती आपली तब्येत स्मार्ट नावाच्या यादीत लिहीत असते, किती तास चालली, किती वेळा चालू-बंद झाली, किती सेक्टर खराब झाले आणि आत्ता किती गरम आहे. ज्यांनी क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर वापरलंय त्यांनी ही यादी बघितली असेल. फॅन कंट्रोलमध्ये हेच तापमान घेऊन त्याचा आलेख काढता येतो, की एवढं तापमान झालं तर पंखा एवढा. माउसने ठिपके ओढायचे, बस. माझा आलेख असा आहे, ३४ डिग्रीपर्यंत ३५ टक्के, ४० ला ४५ टक्के, ४५ ला ७० आणि ५० ला फुल. पण डिस्क चार आणि आलेख एक, मग कोणाचं तापमान धरायचं? त्यासाठी मिक्स म्हणून प्रकार आहे, त्यात चारही डिस्क टाकायच्या आणि मॅक्स निवडायचं, मग चौघींत जी सगळ्यात तापलेली असेल तिच्याप्रमाणे पंखा चालतो. जावा-जावांत ज्या सुनेचा आवाज मोठा तिचं आधी ऐकायचं तसं. (बायको हे वाचणार आहे, विनोद होता.)

अजून एक सेटिंग आहे ज्याच्याकडे लोक बघत नाहीत, हिस्टेरेसिस. नाव अवघड आहे पण काम सोपं. ते नसेल तर तापमान ४०-४१-४०-४१ करत राहतं आणि पंखा त्याच्या मागे वर-खाली वर-खाली, आणि खरं सांगू का, एकसारख्या आवाजाची सवय होते पण चढउताराची कधीच होत नाही. तीन डिग्री ठेवलं, म्हणजे तेवढा फरक पडल्याशिवाय पंखा जागचा हलत नाही. हार्डडिस्क म्हणजे सहाशे-सातशे ग्रॅमचा धातूचा ठोकळा, सीपीयूसारखा दोन सेकंदात वीस डिग्री उडी मारत नाही, हळूहळू तापतो हळूहळू निवतो, त्यामुळे पंख्याने घाई करायचं कारणच नाही.

आता रात्री बॅकअपला पंखे आपोआप वाढतात, आम्ही दुसऱ्या खोलीत झोपलेलो असतो, आणि दिवसा क्लासच्या वेळी निवांत. जूनपासून चालू आहे, सगळ्यात जास्त बघितलं ते ४६.

तापमानाबद्दल एक गोष्ट, कारण मी पण आधी ४० च्या वर गेलं की घाबरायचो. घरगुती हार्डडिस्कच्या माहितीपत्रकात कंपन्या चालण्याची मर्यादा बहुतेक वेळा साठ डिग्रीपर्यंत देतात. आणि गुगलच्या लोकांनी २००७ मध्ये स्वतःकडच्या एक लाखाहून जास्त हार्डडिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात निघालं की गरमीचा आणि डिस्क मरण्याचा संबंध लोकांना वाटतो तेवढा घट्ट नाही, उलट खूप थंड राहिलेल्या डिस्क जास्त मेलेल्या दिसल्या, आणि गरमीचा त्रास ठळक दिसला तो बऱ्याच जास्त तापमानाला आणि तीन-चार वर्षं जुन्या डिस्कमध्ये. म्हणजे डिसेंबरात पहाटे खोली गार पडलेली असताना पण पंखे फुल ठेवून डिस्क कुडकुडत ठेवण्यात काही शहाणपणा नाही. मी ३५ ते ४५ च्या मध्ये ठेवतो आणि विसरतो.

आता अर्धा स्टार का कापला ते.

एक, हे विंडोज चालू झाल्यावरच काम करतं. पीसी चालू होताना आणि लॉगिन होईपर्यंत राज्य बायोसचंच. म्हणून बायोसमध्ये पण बऱ्यापैकी सेटिंग करून ठेवा, सगळा भार याच्यावर टाकू नका. विंडोजबरोबर चालू हो असा पर्याय आहे, तो टिक करायला विसरू नका, मी विसरलो होतो आणि दोन दिवस म्हणत होतो की अपडेटने घोळ केला.

दोन, डिफेंडरची भानगड. मार्च २०२५ मध्ये विंडोज डिफेंडरने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसने, विनरिंग-झिरो नावाचा एक ड्रायव्हर (सॉफ्टवेअरला हार्डवेअरशी बोलू देणारा छोटा प्रोग्राम) धोकादायक म्हणून पकडायला सुरुवात केली. हा ड्रायव्हर पंखे, लाईट, तापमानवाल्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये वापरला जायचा, यात पण होता. त्यात सुरक्षेची फट खरंच होती, डिफेंडर उगाच ओरडत नव्हता. फॅन कंट्रोल त्यानंतर पॉनआयओ नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरवर गेलं. तेव्हा मित्राने पेनड्राइव्हवर दिलेलं जुनं व्हर्जन टाकून वर डिफेंडर बंद करायचा उद्योग करू नका, त्यांच्या स्वतःच्या साइटवरून ताजं घ्या.

तीन, सगळ्या मशीनवर चालेलच असं नाही. लॅपटॉपवर आशा धरू नका, आणि मोठ्या ब्रँडचे तयार डेस्कटॉप येतात त्यांचे बोर्ड पंख्यांची लगाम बाहेरच्या सॉफ्टवेअरला देतातच असं नाही. यूएसबीवरच्या हार्डडिस्कचं तापमान पण बऱ्याचदा दिसत नाही. आणि अशी कोणतीही तापमान वाचणारी सॉफ्टवेअर सतत डिस्कला "कशी आहेस" विचारत राहतात, त्यामुळे रिकाम्या वेळी डिस्क झोपवायची सवय असेल तर ती झोपेलच याची खात्री नाही. माझ्या झोपत नाहीत. मला चालतं. बोर्डच्या कंपनीचं स्वतःचं फॅनवालं सॉफ्टवेअर असेल तर ते काढून टाका, एका घरात दोन कारभारी नकोत.

पंख्यांचंच जुनं सॉफ्टवेअर स्पीडफॅन आठवत असेल काहींना, मी पण आधी तेच शोधलं होतं सवयीने. त्याच्या काळात राजा होतं पण ते बरीच वर्षं ४.५२ व्हर्जनवरच थांबलंय आणि नवीन बोर्डांना ओळखत नाही. आणि हो, आयमॅकवाले, तुमचं दुखणं वेगळं आहे. २००९ ते २०११ च्या आयमॅकमध्ये हार्डडिस्कचं तापमान कळायची व्यवस्था मूळ डिस्कला बांधलेली होती, त्यामुळे बाहेरची डिस्क किंवा एसएसडी टाकली की मशीनला तापमान कळत नाही आणि ते सावधगिरी म्हणून हार्डडिस्कचा पंखा फुल सोडतं. पंखा खराब झालेला नसतो. तिथे मॅक्स फॅन कंट्रोल नावाचं वेगळं सॉफ्टवेअर आहे, ते स्मार्टमधलं तापमान धरून पंखा चालवू शकतं.

पंखे शांत झाल्यावर एक नवीनच आवाज ऐकू यायला लागला. घुंऽऽ... घुंऽऽ... घुंऽऽ... असा लाटेसारखा, मोठा होतो, मावळतो, परत मोठा होतो. आधी तो पंख्यांच्या गोंगाटात बुडालेला होता. माझ्या दोन डिस्क ७२०० आरपीएमच्या आहेत, म्हणजे सेकंदाला १२० फेरे, त्याचा तो खालच्या पट्टीतला गुंजारव. पण दोघींचा वेग अगदी तंतोतंत सारखा नसतो, बारीकसा फरक असतो, आणि दोन जवळजवळ सारखे सूर एकत्र आले की अशा लाटा येतात. तंबोऱ्याच्या दोन तारा नीट जुळल्या नसल्या की येतात ना, तसंच. आणि डिस्क स्क्रूने पत्र्याला आवळलेल्या, म्हणजे अख्खं कॅबिनेट त्या तंबोऱ्याचा भोपळा.

हे कोणत्याही सॉफ्टवेअरने जाणार नाही. मी काय केलं, सायकलच्या दुकानातून फाटकी ट्यूब आणली, त्याने पैसे पण घेतले नाहीत, तिचे नखाएवढे चौकोन कापले, मध्ये भोक पाडलं आणि डिस्क आणि पिंजऱ्याच्या मध्ये प्रत्येक स्क्रूला एकेक घातला. स्क्रू करकचून आवळायचा नाही, रबर दबून चपटं झालं तर उपयोग शून्य. शिवाय कॅबिनेटच्या चार पायांखाली जुन्या स्लिपरच्या तळव्याचे तुकडे. हसा, पण लाटा ऐंशी टक्के गेल्या. डिस्कला फोममध्ये वगैरे गुंडाळू नका, हवा लागली पाहिजे.

जुलैमध्ये त्या निळ्या लाईटवाल्या नव्या पंख्यांपैकी एकाने कटकट कटकट सुरू केली, हळू फिरताना जास्त. हे मात्र खरंच बेअरिंग होतं, पाच महिन्यांत. या वेळी एम.जी. रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका छोट्या दुकानात गेलो, जिन्याखाली आहे, बोर्ड पण धड दिसत नाही. म्हटलं दोन पंखे द्या, तर तो काका म्हणतो, "दुसरा वाजतोय का? नाही ना? मग एकच न्या, आणि चार पिनचा न्या." इतक्या महिन्यांत पिनांचा विषय स्वतःहून काढणारा हा पहिला माणूस. नॉक्टुआ कंपनीचा रिडक्स मालिकेतला १२० मिलिमीटरचा घेतला, १७०० आरपीएमवाला, तेराशेच्या आसपास पडला. एका पंख्याला तेराशे म्हणजे बायकोला सांगताना मी आकडा जरा पुटपुटलो. पण सहा वर्षांची वॉरंटी आहे, फुल स्पीडला पण कंपनी २५.१ डेसिबल सांगते, आणि तो माझ्याकडे फुलला कधी जातच नाही. रंग राखाडी, लाईट नाही, देवाची कृपा. रिडक्समध्ये रबराच्या पट्ट्या वगैरे सोबत येत नाहीत, त्या वेगळ्या घ्याव्या लागतात, ट्यूब शिल्लक होती म्हणून माझं भागलं. तो बसवल्यावर त्या एका सॉकेटचा मोड परत पीडब्ल्यूएम केला, दुसरं डीसीवरच आहे, आणि फॅन कंट्रोलमध्ये कॅलिब्रेशन परत केलं. ते करावंच लागतं, नव्या पंख्याचे आकडे वेगळे असतात.

धूळ साफ करताना एक लक्षात ठेवा, ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने तो गरागरा फिरला तर उलटी वीज तयार करतो आणि बेअरिंगची पण वाट लागते. आमच्याकडे शेजारी बांधकाम चालू आहे, दर महिन्याला पुढच्या जाळीवर पिठासारखा थर असतो, आणि जाळी तुंबली की पंखा कितीही पळवा, डिस्क तीन-चार डिग्री वरच राहतात.

तर हिशोब असा, फॅन कंट्रोलला साडेचार स्टार, जिन्याखालच्या काकांना पाच, पहिल्या दुकानाला एक, तोही त्या पोराने डिस्क तरी सरळ बसवली म्हणून. एक काम अजून राहिलंय, चौथी डिस्क पिंजऱ्यात सगळ्यात वर आहे आणि तिच्यासमोर वायरींचा जुडगा येतो म्हणून ती बाकीच्यांपेक्षा कायम तीन डिग्री जास्त दाखवते, तिला एक घर खाली घ्यायचंय. तुळशीचं लग्न लागायच्या आत ते उरकायला हवं, एकदा का लॉन्सचे फोन सुरू झाले की हा पीसी बंद करायला मला वेळ मिळणार नाही.